तुम्ही विचारलंत म्हणून : देखणं असावं आणि फळही द्यावं, असं कोणतं झाड लावू?

घर बांधून झालं, कंपाउंडच्या आत चार-पाच फुटांची पट्टी उरली, की हा प्रश्न येतोच. "दिसायला छान दिसेल आणि मुलांना खायलाही काही मिळेल असं एखादं झाड सुचवा ना." हल्ली सोसायटीच्या बागेची जबाबदारी ज्यांच्या गळ्यात पडते, तेही हेच विचारतात. बऱ्याच जणांनी मनात हापूस किंवा चिकू ठरवलेला असतो, आणि मी दोन्हीला नको म्हणते.

आंब्याशी माझं वैर नाही. पण चार फुटांच्या पट्टीत आंबा म्हणजे झाडाचेही हाल आणि भिंतीचेही. मोहोर आला की तुडतुडे आणि भुरी, त्यासाठी फवारणी, आणि देशावर इतकं करूनही फळाची खात्री नाही. बरं, हापूसची पेटी बाजारात मिळतेच. दारात लावायचं ते असं फळ, जे बाजार आपल्याला आणून देऊ शकत नाही. नाजूक सालीची, पिकल्यावर दिवसभरात उतरणारी फळं व्यापाऱ्याला परवडत नाहीत. ती झाडाखाली उभं राहूनच खावी लागतात. आणि गंमत अशी की अशी फळं देणारी बहुतेक झाडं आटोपशीर, झुडूपवजा असतात, फुलांनी देखणी असतात. फळाचा हंगाम महिना-दीड महिन्याचा. उरलेलं वर्ष ते झाड आपण नुसतं बघणार असतो, म्हणून आधी पान आणि फूल बघायचं, मग फळ.

माझं पहिलं नाव करवंदाचं. ते ऐकून लोकांचा चेहरा पडतो, कारण त्यांना नर्सरीतलं काहीतरी नवीन नाव हवं असतं. पण करवंदीची जाळी एकदा शोभेच्या नजरेने बघा. पान जाड, चकचकीत, बाराही महिने हिरवं. हिवाळा सरत आला की फांद्यांच्या टोकांना पांढऱ्या, पाच पाकळ्यांच्या फुलांचे झुबके येतात, त्यांना जाई-जुईच्या वळणाचा मंद सुवास असतो. काटे कडक आणि दुबेळके, त्यामुळे कुंपण म्हणून याच्याइतकं भरवशाचं दुसरं काही नाही. एकदा मूळ धरलं की उन्हाळ्यात पाण्यावाचून अडत नाही. कातळात वाढणारी जात ती. कच्च्या करवंदांचं लोणचं घाला, पण तोडताना देठातून निघणारा पांढरा चीक कपड्यांना लागू देऊ नका. मे महिन्यात काळी झाली की मात्र त्यांचं काही करायचं नाही, नुसती खायची. फोडल्यावर आत लाल निघालं तर कोंबडा, पांढरट निघालं तर कोंबडी, हा खेळ आपल्या मुलांना माहीत नसावा याचं मला खरंच वाईट वाटतं. पानांच्या द्रोणात 'डोंगरची काळी मैना' विकणाऱ्या बायका आता शहरात कमी दिसतात. मग ती मैना कुंपणाला तरी असू द्या.

फक्त माळ्याला एक गोष्ट बजावून सांगा. करवंदीची कड दर महिन्याला कातरीने भिंतीसारखी सपाट करायची नाही. फूल येतं फांदीच्या टोकाला. टोकंच उडवली तर फूल नाही, फळ नाही, उरतो नुसता काटा. फळं संपली की पावसाच्या तोंडावर एकदा छाटायची, नंतर हात लावायचा नाही. शोभेच्या बागेतली निम्मी फळझाडं फळत नाहीत, त्याला माती किंवा खत कारण नसतं, ही कातर कारण असते. रोपं विकत घ्यायचीही गरज नाही. पिकलेल्या करवंदाचं बी धुऊन लगेच पेरा. वाळवून ठेवलंत तर उगवण्याची शक्ती झपाट्याने जाते.

काटा नकोच असेल, घरात रांगतं मूल असेल, तर पिटांगा. नर्सरीत 'सुरिनाम चेरी' म्हणून मागा. मूळ दक्षिण अमेरिकेचं. युरोपातल्या अभ्यासकांनी या झाडाचं पहिलं वर्णन केलं ते इटलीतल्या पिसा इथल्या बागेत वाढलेल्या झाडावरून, आणि ते झाड गोव्याहून तिथे गेलं असावं असं मानलं जातं. म्हणजे पोर्तुगिजांच्या जहाजांतून हे आपल्या किनाऱ्याला फार पूर्वी लागलेलं असणार. कोवळी पालवी तांबूस, चुरडली तर सुगंधी. पांढरी, केसराळ फुलं. फूल उमलल्यापासून सुमारे तीन आठवड्यांत फळ पिकतं, तेवढ्या अवधीत ते हिरवं, पिवळं, केशरी, लाल असे रंग बदलत जातं, आणि एकाच फांदीवर हे सगळे रंग एकदम दिसतात. फळ म्हणजे लाल भोपळ्याची बोटाच्या पेराएवढी प्रतिकृती, सात-आठ ठसठशीत कंगोऱ्यांची. केशरी असताना तोंडात टाकलंत तर राळेसारखा उग्र दर्प येतो आणि माणूस पुन्हा त्या झाडाकडे वळत नाही. गडद लाल होऊ द्या. बोट लागताच देठावरून सुटलं तरच ते तयार झालं, ओढावं लागलं तर नाही.

एक सावधगिरी. फ्लोरिडात पक्ष्यांनी याच्या बिया रानात नेल्या आणि तिथे हे झाड आक्रमक वनस्पतींमध्ये मोजलं जातं. शहरातल्या बागेत खुशाल लावा, पण तुमची जागा मुळशी-ताम्हिणीकडे जंगलाला लागून असेल तर नको. तिथे आपली करवंदच शोभते आणि तिच्यावर हक्कही तिथल्या पाखरांचा.

डाळिंबाबद्दल मला सर्वांत जास्त तक्रारी येतात. "फुलं भरपूर येतात, पण सगळी गळून जातात." घाबरू नका. गळलेलं एक फूल उचला आणि बाजूने बघा. तळाशी निमुळतं असेल तर ते नरफूल, ते गळणारच. तळ फुगीर, सुरईच्या घाटाचा असेल तर ते फळ धरणारं. दोन्ही एकाच झाडावर येतात. फुगीर फुलंच गळायला लागली तर पाण्याचा ताण किंवा एकदम जास्त झालेलं पाणी शोधा. त्या जाड, मेणचट, लालभडक फुलासाठी मी फळाशिवायही डाळिंब लावेन. पण तुम्हाला फळ हवं असेल तर नर्सरीत गेंदेदार, भरगच्च पाकळ्यांचं शोभेचं डाळिंब घेऊ नका, त्याला फळ धरत नाही. 'गणेश' किंवा 'भगवा' मागा. 'गणेश' तर पुण्याचाच. फळशास्त्रज्ञ डॉ. चीमा यांनी १९३६ साली गणेशखिंडीच्या फळबागेत निवडलेला वाण. फळ लिंबाएवढं झालं की कागदी किंवा कापडी पिशवी बांधा, फळ पोखरणाऱ्या सुरसा अळीला तेवढं पुरतं.

बाल्कनीवाल्यांनी कुंडीत चायना ऑरेंज, म्हणजे लिंबाच्याच कुळातलं छोटं झाड, लावावं. छोटी केशरी फळं महिनोन्‌महिने झाडावर टिकतात, सरबताला उत्तम. त्याच्या पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारखं काही दिसलं तर पुसायला जाऊ नका. ती लिंबाच्या फुलपाखराची अळी आहे, मुद्दाम तशी दिसणारी. मोठी झाली की हिरवी होते, आणि डिवचलीत तर डोक्यामागून लालसर शिंग बाहेर काढून उग्र वास सोडते. मुलांना हे दाखवा. पाच-दहा पानं जातील, झाडाला काही होत नाही. औषध मारू नका, तेच फळ तुम्ही खाणार आहात. नर्सरीतून आणलेल्या कोणत्याही शोभेच्या झाडाचं पहिल्या हंगामाचं फळ मी खाऊ देत नाही, कारण तिथे काय फवारलंय ते आपल्याला ठाऊक नसतं.

फालसा हवा असेल तर हिवाळ्यात तो निर्दयपणे छाटावा लागतो, फळ नव्या फुटीवरच येतं. बार्बाडोस चेरीची गुलाबी, झालरीची फुलं फार गोड दिसतात आणि फळात क जीवनसत्त्व भरपूर. तिला ऊन मात्र पूर्ण हवं.

कोकणात आणि गोव्यात जागा असेल तर यातलं काहीच नको, कोकम लावा. सरळ खोड, खाली झुकलेल्या फांद्या, तांबूस पालवी, आणि एप्रिल-मेमध्ये गर्द लाल रातांबे. इतकं देखणं झाड आपण घरामागे लपवतो आणि दर्शनी बाजूला परदेशी पाम उभे करतो, याचा मला राग येतो. पण बियांचं रोप लावू नका. कोकमात नर झाड वेगळं, मादी वेगळं, आणि बियांपासून आलेलं जवळपास निम्मं नर निघतं. ते कळेपर्यंत सहा-सात वर्षं गेलेली असतात. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने 'कोकण अमृता' आणि 'कोकण हातीस' हे वाण दिलेत. त्यांचं मृदुकाष्ठ कलम, म्हणजे कोवळ्या फांदीचं कलम, घ्या.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. अंगणात मुलांना झाडावरचं फळ तोडून खायची सवय लावणार असाल, तर त्याच अंगणात बिट्टी, म्हणजे पिवळी कण्हेर, ठेवू नका. तिचं बी पोटात गेलं तर हृदयावर परिणाम होतो, जीव जाऊ शकतो. सोसायट्यांच्या कडेला लावतात त्या ड्युरांटाचे पिवळे मणीही विषारी, घाणेरीची हिरवी फळंही. मूल चार वर्षांचं असताना त्याला करवंद आणि बिट्टी यांतला फरक समजावत बसण्यापेक्षा बिट्टी आधी काढा, मग करवंद लावा.

पाखरं फळं खातात म्हणून नायलॉनची जाळी टाकू का, असंही विचारतात. टाकू नका. बुलबुल, तांबट तिच्यात अडकतात आणि सोडवताना पंख मोडतात. हवी तेवढी फळं पिशव्यांत बांधा, बाकीची त्यांची.

खड्डा मे महिन्यातच दोन फूट खोल खणून उन्हात तापू द्या, आणि एक-दोन चांगले पाऊस होऊन जमीन ओली झाली की रोप लावा. मला विचारताना जागेला ऊन कोणत्या बाजूने आणि किती वेळ मिळतं, पट्टी किती रुंद आहे आणि घरात लहान मूल आहे का, एवढं कळवा. मग मला एकच नाव नेमकं सांगता येईल.