४,२९,४९,६७,२९७ आणि ६४१

आज संध्याकाळी वहीत ४,२९,४९,६७,२९७ ही एकच संख्या लिहिली आणि तिच्या मागे तीन पाने भरली. २ चा बत्तिसावा घात घेऊन त्यात १ मिळवला की ती येते. घातांक स्वतःच २ चा घात असेल, तर अशी प्रत्येक संख्या मूळ असते, असा फ्रेंच गणिती फर्माचा १६४० च्या सुमारास समज होता. ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७ या पहिल्या पाच संख्यांनी तो खरा ठरवला. सहावी, म्हणजे माझ्या वहीतली, मात्र त्याला अपवाद निघाली. १७३२ मध्ये स्विस गणिती ऑयलरने तिला ६४१ ने भाग जातो हे दाखवले.

एवढे मला ठाऊक होते, पण विभाजक शोधणे म्हणजे मूळ संख्यांच्या यादीतून एकेक भागाकार करत जाणे, असेच मी गृहीत धरले होते. ६४१ ही ११६ वी मूळ संख्या असल्याने ते काम अशक्य नाही, कंटाळवाणे मात्र नक्कीच आहे. ऑयलरने पुढे सिद्ध केले, की या संख्येचा प्रत्येक मूळ विभाजक ६४ च्या पटीत १ मिळवल्यावरच येतो. मग १९३, २५७, ४४९, ५७७ आणि लगेच ६४१. फ्रेंच गणिती ल्युकाने १८७८ मध्ये ६४ च्या जागी १२८ आणले, तेव्हा २५७ आणि ६४१ एवढेच उरले. त्यातही २५७ आपोआप गळतो, कारण आधीच्या पाचही संख्यांचा गुणाकार आपल्या संख्येपेक्षा बरोबर २ ने कमी आहे, म्हणून २५७ ने भागल्यास बाकी २ च राहणार. म्हणजे पहिल्याच भागाकारात उत्तर!

खरे तर तो एक भागाकारही लागत नाही. ६४१ म्हणजे ५ गुणिले २ चा सातवा घात, अधिक १. आणि ६४१ म्हणजेच ५ चा चौथा घात अधिक २ चा चौथा घात (६२५ + १६). पहिल्या रूपावरून, ६४१ ने भागताना ५ × २⁷ ची बाकी −१ धरता येते. चौथा घात घेतला की ५⁴ × २²⁸ ची बाकी १ होते. दुसऱ्या रूपावरून ५⁴ च्या जागी −२⁴ ठेवले, की −२³² ची बाकी १ येते, म्हणजेच २³² + १ ला ६४१ ने निःशेष भाग जातो. हे मी दोनदा लिहून काढले. दुसऱ्यांदा केवळ आनंदासाठी.

फर्माच्या लघुसिद्धांताची कसोटी (संख्या मूळ असेल, तर तिच्याहून १ ने कमी असा पायाचा घात घेऊन तिनेच भागल्यास बाकी १ उरायला हवी) पाया २ घेऊन लावली, तर हीच संख्या मूळ असल्यासारखी वागते, हे मला थोडे खट्याळपणाचे वाटते. पाया ३ घेतला की ती पकडली जाते.

६४१ ने भागल्यावर भागाकार ६७,००,४१७ आला. ही मूळ आहे का, हे पाहायला तिच्या वर्गमूळापर्यंत, म्हणजे २,५८८ पर्यंत, १२८ च्या पटीत १ मिळवून येणाऱ्या मूळ संख्या पुरतात : २५७, ६४१, ७६९, १,१५३ आणि १,४०९. बाक्या अनुक्रमे १७०, ४४, १२०, ३३४ आणि ६२२ आल्या. एकही शून्य नाही, तेव्हा ती मूळच. २५७ आधीच बाद झाला होता, हे मला तो भागाकार पूर्ण केल्यावर आठवले.