बाहेरचे दार घेताना लेबलवरचे आकडे कसे वाचावेत

अमेरिकेत पहिले घर घेतलेली आपली मंडळी पुढचे दार बदलायला निघाली, की बोलणे बहुधा लाकूड कोणते, रंग कोणता आणि कुलूप किती भक्कम एवढ्यावरच थांबते. सागवानी दार ओढून पाहिले आणि हाताला वजन जाणवले, की दार चांगले, ही आपली पिढ्यान्‌पिढ्यांची परीक्षा आहे. मात्र शिकागोच्या जानेवारीत ती अपुरी पडते. आत फोम भरलेले फायबरग्लासचे किंवा पोलादी दार वजनाने हलके असूनही भरीव लाकडापेक्षा कितीतरी अधिक ऊब राखते, आणि ही गोष्ट हाताला कळत नाही. त्यासाठी दारावर चिकटवलेले लेबल वाचावे लागते.

हे लेबल नॅशनल फेनेस्ट्रेशन रेटिंग कौन्सिल या १९८९ साली स्थापन झालेल्या ना-नफा संस्थेच्या पद्धतीनुसार केलेल्या मूल्यांकनाचे असते. त्यावरचा पहिला आकडा यू-फॅक्टरचा. घरात आणि बाहेर एका अंश फॅरनहाइटचा फरक असताना दाराच्या एका चौरस फुटातून तासाला किती बीटीयू (उष्णता मोजण्याचे अमेरिकेतले एकक) उष्णता निघून जाते, हे तो सांगतो. म्हणून तो जितका लहान तितके बरे. बिनकाचेच्या दाराला एनर्जी स्टार या ऊर्जाबचतीच्या सरकारी योजनेचा शिक्का मिळण्यासाठी तो ०.१७ किंवा त्याहून कमी असावा लागतो, आणि दारात काच वाढत जाते तशी ही मर्यादा सैल होते. माहितीपत्रकात मात्र अनेकदा आर-व्हॅल्यू, म्हणजे उष्णता अडवण्याची क्षमता, ठळक छापलेली असते. ती पुष्कळदा फळीच्या, म्हणजे उघडझाप होणाऱ्या पल्ल्याच्या, मधल्या फोम भरलेल्या भागापुरतीच असते, तर यू-फॅक्टरमध्ये फळी, चौकट, उंबरठा आणि काच असे सगळे दार धरलेले असते. दोन दारांची तुलना करायची तर ती यू-फॅक्टरवरूनच करावी, असे माझे ठाम मत आहे.

दुसरा आकडा हवेच्या गळतीचा. तो लेबलवर असतोच असे नाही, पण नसेल तर आग्रहाने विचारावा. तीन फूट रुंद आणि साधारण पावणेसात फूट उंच दार वीस चौरस फुटांचे होते. घरात ७० अंश आणि बाहेर १० अंश फॅरनहाइट असताना ०.१७ यू-फॅक्टरच्या अशा दारातून तासाला सुमारे २०४ बीटीयू उष्णता जाते. उघडझाप होणाऱ्या दारासाठी एनर्जी स्टारने गळतीची जी कमाल मर्यादा ठेवली आहे, ती चौरस फुटाला मिनिटाला अर्धा घनफूट आहे. या मर्यादेवरचे दार ताशी सुमारे २५ मैलांच्या वाऱ्याइतक्या चाचणीच्या दाबाखाली मिनिटाला दहा घनफूट हवा सोडते, आणि ती थंड हवा तापवायला तासाला जवळजवळ ६५० बीटीयू लागतात. म्हणजे वादळी रात्री फटींतून जाणारी ऊब फळीतून जाणाऱ्या उबेच्या तिप्पट असू शकते. आमच्या जुन्या दाराच्या खालच्या कोपऱ्यात, कुलपाच्या बाजूला, थंडीत पांढरा हिमाचा थर धरत असे; फळी शाबूत होती, पण तिथली रबरी पट्टी दबून चपटी झाली होती. म्हणूनच जुन्या चौकटीत नुसती नवी फळी बसवली, तर लेबलवरचे आकडे आपल्या दाराला लागू होत नाहीत.

काचेतून येणाऱ्या उन्हाचा आकडा शून्य ते एकच्या दरम्यान असतो. टेक्सासमध्ये पश्चिमेकडे तोंड असलेल्या, भरपूर काचेच्या दाराला तो कमी हवा. बिनकाचेच्या दाराला त्याची फारशी चिंता नको.

वारा आणि पाऊस यांचा हिशेब निराळ्या लेबलवर असतो. तिथे परफॉर्मन्स ग्रेड, म्हणजे पीजी, हा आकडा दर चौरस फुटावरील पौंडांत दिलेला असतो. पीजी ५० असलेले दार मजबुतीच्या चाचणीत त्याच्या दीडपट, म्हणजे ७५ पौंडांचा दाब सोसते, तर पाण्याची चाचणी साधारणपणे १५ टक्के, म्हणजे साडेसात पौंडांवर होते. ‘पन्नास म्हणजे ताशी १४० मैलांचा वारा’ असे विक्रेते सांगतात आणि नुसत्या सूत्राने ते उत्तर येतेही; पण प्रत्यक्ष दाब घराची उंची, आजूबाजूचा मोकळेपणा आणि दार कोपऱ्याजवळ आहे का यांवर ठरतो. फ्लोरिडात मायामी-डेड आणि ब्रॉवर्ड काउंटींचे नियम याहून कडक आहेत. १९९२ च्या अँड्र्यू वादळानंतर तिथे नऊ पौंडांचा लाकडी वासा सेकंदाला पन्नास फुटांच्या वेगाने दारावर आदळून पाहण्याची चाचणी आली.

याच लेबलवर कधीकधी ‘एलडब्ल्यू’ ही अक्षरे असतात आणि ती सहज नजरेतून सुटतात. हे दार पाणी अडवण्याची नेहमीची किमान पातळी गाठत नाही, असा त्यांचा अर्थ आहे. भारतातून आई-वडील राहायला येणार, चाकांची खुर्ची आत यावी म्हणून उंबरठा जमिनीलगत हवा, अशा घरांत हे दार योग्यही असते, कारण उंबरठा खाली आला की पाणी अडवणारी कड उरत नाही. मात्र त्यावर खोल पोर्च किंवा रुंद छज्जा हवा. उघड्या, वाऱ्याच्या तोंडावरच्या भिंतीत तेच दार लावले, तर पाणी आत येऊन फरशीखालचे लाकूड कुजते.

ऑर्डर देण्यापूर्वी कोटेशनवर यू-फॅक्टर, गळतीचा आकडा आणि पीजी हे तिन्ही चौकट व उंबरठ्यासह संपूर्ण दाराचे म्हणून लिहून घ्यावेत, आणि दार आल्यावर लेबल सोलण्याआधी त्याचा फोटो काढून तो कोटेशनशी ताडून पाहावा.