व्हॅन गॉगच्या फुलांत वेड दिसते का?

व्हॅन गॉगने रंगवलेल्या फुलांविषयी मी बोलू लागले की प्रश्न ठरलेला असतो: या फुलांत त्याचे वेड दिसते ना? तुम्ही पुन्हा विचारलेत म्हणून एकदा नीट उत्तर देते.

मे 1890 मध्ये, सँ-रेमीचे मनोरुग्णालय सोडण्यापूर्वी, त्याने आयरिस आणि गुलाबांची चार मोठी चित्रे केली. धाकटा भाऊ थिओ याला लिहिलेल्या पत्रात आयरिसच्या दोन चित्रांतील फरक तो स्वतः सांगतो: एकात गुलाबी पार्श्वभूमीवर हिरव्या-जांभळ्याचा मृदू मेळ, तर दुसऱ्यात लिंबाच्या पिवळ्यापुढे जांभळा, म्हणजे एकमेकांना उठाव देणारे विरोधी रंग. फुले तीच, भाव दोन, आणि दोन्ही विचारपूर्वक घडवलेले. आजाराच्या झटक्यांत त्याचे काम बहुधा थांबत असे.

माझा आवाज चढतो त्यामागे माझा धाकटा भाऊ आहे. तो अशाच एका रुग्णालयात असताना त्याने जलरंगांत झेंडू रंगवले आणि मी भेटायला गेले तेव्हा उत्साहाने म्हणाला, "ताई, बाजूला निळी सावली दिली, म्हणून नारिंगी कसा पेटलाय बघ." तेवढ्यात आलेल्या डॉक्टरांनी कागद हातात घेतला, त्याच सावलीवर बोट ठेवले आणि त्याच्यादेखत मला म्हणाले, "हा अंधार पाहिलात? आजार असा बाहेर येतो." भाऊ काहीच बोलला नाही. त्याने कागदाची घडी घातली आणि त्यानंतर त्याने रंगवलेले काहीही मला दाखवले नाही. त्याने केलेली निवड कोणी निवड म्हणून पाहिलीच नाही, हे मला आजही सहन होत नाही.

म्हणूनच मी पूर्वी ठासून सांगत असे की चित्रातला भाव म्हणजे केवळ रंगांची योजना. आज तेवढे ठाम बोलवत नाही. वर्षभर रुग्णालयात काढलेल्या माणसाने निघता निघता वसंतातली फुले रंगवावीत, यातून त्याचे आयुष्य वगळा असे मी कोणत्या तोंडाने सांगू?

शिवाय त्याचे तांबडे रंग टिकले नाहीत. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातील आयरिसमागचा गुलाबी आता जवळजवळ पांढरा झाला आहे आणि जांभळी फुले निळी दिसतात. त्या पांढऱ्यापुढे मला जो एकाकीपणा जाणवतो, तो त्याने योजलेला नव्हता. तरी तो मला जाणवतो, आणि तो खोटा आहे असे मी म्हणणार नाही.