नऊ चौकटींचं पान

प्रश्न साधारण असा येतो : ‘कॉमिक्स म्हणजे पोरांचं वाचन. त्यात सुपरहिरो म्हणजे पँटवरून चड्डी घालून उडणारा गडी. आयुष्यभर कादंबऱ्या वाचलेल्या माणसानं चारशे पानांचं तसलं पुस्तक, तेही इतकं काळंकुट्ट, कशासाठी वाचायचं?’ विचारणारा बहुतेकदा पट्टीचा वाचक असतो, कोल्हापूरच्या करवीर नगर वाचन मंदिराची कपाटं पालथी घातलेला. त्यामुळे प्रश्न थट्टेवारी नेता येत नाही. तुम्ही विचारलंत म्हणून जरा बैठक मारूनच सांगतो.

उदाहरण एकच घेऊ, कारण बाकीची बरीचशी त्याच्याच सावलीत उभी आहेत. ‘वॉचमेन’. लेखक अ‍ॅलन मूर, चित्रं डेव्ह गिबन्सची, रंग जॉन हिगिन्सचे. १९८६-८७ मध्ये बारा अंकांत निघालं, मग एकत्र पुस्तक झालं. १९८८ मध्ये त्याला विज्ञानकथा-अद्भुतकथांसाठीचा ह्यूगो पुरस्कार मिळाला आणि २००५ मध्ये ‘टाइम’ साप्ताहिकानं निवडलेल्या शंभर इंग्रजी कादंबऱ्यांत ते बसलं. पुरस्कारानं पुस्तक चांगलं ठरत नाही, पण ‘हे साहित्यात मोडतं का’ ही शंका तेवढ्यापुरती बाजूला ठेवता येते.

तुमच्या प्रश्नातला ‘पोरांचं’ हा शब्द मात्र खोटा नाही. अमेरिकेत १९५४ साली कॉमिक्सच्या प्रकाशकांनी स्वतःवरच एक आचारसंहिता लादून घेतली. प्रत्येक गोष्टीत शेवटी चांगल्याचाच विजय व्हायला हवा, पोलीस-न्यायाधीशांविषयी अनादर वाटेल असं काही दाखवायचं नाही, गुन्हेगाराबद्दल सहानुभूती वाटता कामा नये, अशी तिची कलमं. ती पाळल्याचा शिक्का मुखपृष्ठावर नसेल तर अंक दुकानात लागणं अवघड. म्हणजे सुपरहिरोचा भाबडेपणा त्याच्या रक्तातला नव्हता, बराचसा नियमातून आलेला होता. पुढे फक्त कॉमिक्स विकणारी दुकानं निघाली, माल थेट तिथे जाऊ लागला आणि शिक्क्याची गरज सुटली. मोठ्यांसाठी लिहायला जागा झाली ती अशी. आपल्याकडे इंद्रजाल कॉमिक्सचे वेताळ आणि मँड्रेक मराठीत यायचे तेही मुलांसाठीच, त्यामुळे आपली समजूत तिथेच थांबली.

आता गोष्ट. साल १९८५, पण आपण जगलो ते नव्हे. या अमेरिकेत वेश करून गुन्हेगारांना बडवणारी माणसं १९३०च्या दशकाच्या अखेरीपासून खरोखरच आहेत. त्यातल्या एकालाच अचाट शक्ती आहे, डॉक्टर मॅनहॅटनला. त्याच्या जोरावर अमेरिका व्हिएतनाम जिंकली आहे आणि निक्सन अजून राष्ट्राध्यक्ष आहे. बाकीचे सगळे साधे देहधारी. १९७७ मध्ये कायद्यानं त्यांचा धंदा बंद केला. सुरुवातीलाच त्यांच्यातल्या एकाचा खून होतो. रहस्य फोडत नाही.

यातला नाइट आउल समजायला कोल्हापूरकराला काही कष्ट नाहीत. तालीम सुटलेला पैलवान आपण पाहिलेला असतो. मेहनत थांबते, खुराक थांबत नाही. कान मोडलेले तेवढे राहतात, पोट सुटतं, आणि खासबागेत कुस्ती लागली की हा गॅलरीत बसून खांद्यानं डाव मारत असतो. नाइट आउलचं तसंच. तळघरात उडतं यंत्र आहे, कपाटात पोशाख आहे, आणि तो पोशाख चढवल्याशिवाय त्याच्यातला पुरुष जागा होत नाही. सुपरहिरोचं म्हातारपण, बेकारी, वासना, गुडघेदुखी हे पोरांना दाखवून उपयोग नाही. त्यांना त्यात काहीच दिसणार नाही.

हिशेब किती बारीक केलाय त्याचा एक नमुना सांगतो. ज्या जगात वेशधारी वीर रस्त्यावर खरेच फिरतात, तिथली मुलं त्यांची कॉमिक्स कशाला वाचतील? म्हणून तिथे समुद्री चाच्यांची कॉमिक्स खपतात. एक पोरगा पेपरच्या स्टॉलला टेकून तसला एक अंक वाचत बसतो, आणि त्यातली गोष्ट पुस्तकभर मुख्य गोष्टीला समांतर चालते.

तरीही काळोख हे या पुस्तकाचं आकर्षण नव्हे, असं माझं ठाम मत आहे. काळोख कुणालाही करता येतो. पाऊस पाडा, रक्त सांडा, नायकाला दाढी वाढवायला लावा. पुढच्या काही वर्षांत शेकडो अंकांनी तेच केलं, आणि त्यातले फार थोडे आज वाचवतात. त्यांनी रंग उचलला, बांधणी उचलली नाही.

बांधणी म्हणजे पान. इथलं मूळ पान तीन आडव्या, तीन उभ्या अशा नऊ सारख्या चौकटींचं. गरज पडली की दोन-तीन चौकटी जोडून एक होते, पण खालची जाळी तीच. मनात चाललेलं सांगणारे ढगासारखे फुगे नाहीत, ‘धाड’ ‘फट्’ नाही, वेग दाखवणाऱ्या रेघा नाहीत. एवढं काढून टाकल्यावर उरतं काय? माणूस कुठे बघतो, हात कुठे आहे, टेबलावर काय पडलंय. आणि दोन चौकटींमधली कोरी पट्टी. घाव एका चौकटीत उगारलेला दिसतो, पुढच्या चौकटीत माणूस पडलेला. मधला घाव वाचकच घालतो. सिनेमात तो दिग्दर्शकानं घातलेला असतो आणि आपण साक्षीदार असतो. इथे आपण सामील असतो, आणि प्रौढ वाचकाला हे टोचतं.

मूरनं पहिल्या अंकाचं नुसतं लेखन टंकलिखित १०१ पानांचं केलं होतं, म्हणजे अंकाच्या पानांच्या तिप्पट. प्रत्येक चौकटीत काय कुठे हे शब्दांत. आपल्या बाबूराव पेंटरांची रीत उलटी, ते चित्रपट करण्याआधी पात्रांचे पोशाख आणि हालचाली कागदावर रेखाटायचे. दोन्ही वाटा शेवटी एकाच ठिकाणी पोचतात. चौकटीत योगायोगानं काही येऊ द्यायचं नाही.

आता चौथं प्रकरण. कुणी एकच प्रकरण दाखव म्हटलं तर मी हेच दाखवतो. डॉक्टर मॅनहॅटन मंगळावर उभा आहे, हातात जुना फोटो. त्याला सगळा काळ एकदम दिसतो. १९४५ : हिरोशिमाची बातमी वाचून घड्याळजी बाप मुलापुढची घड्याळाची चाकं खिडकीबाहेर उधळून देतो, हा धंदा आता संपला, तू अणूचं शास्त्र शीक. १९५९ : जत्रेसारख्या एका बागेत मैत्रिणीचं घड्याळ पडतं, कुणाच्या तरी बुटाखाली येतं, तो ते दुरुस्त करतो, कोटाच्या खिशात विसरतो, कोट आणायला प्रयोगाच्या खोलीत जातो आणि दार बंद होतं. १९८५ : मंगळाची वाळू. तिन्ही सालं एकाच पानावर, शेजारी शेजारी.

हे सिनेमात करा. जुना काळ दाखवायचा तर चालू काळ पडद्यावरून जावा लागतो. कादंबरीत करा, ‘तेव्हा’ लिहावं लागतं आणि तिथेच क्रियापदाचा काळ बदलतो. चित्रांच्या पानावर मात्र १९४५ वाचताना १९८५ डोळ्यांच्या कोपऱ्यात दिसतच राहतं. थोडक्यात, डॉक्टर मॅनहॅटन काळाकडे जसा बघतो तसे आपण पानाकडे बघत असतो. सगळं आधीच छापलेलं आहे, बोट ठेवू ती चौकट ‘आत्ता’. त्याला पुढचं दिसतं आणि बदलता येत नाही. आपल्यालाही पान उलटून शेवट बघता येतो आणि बदलता येत नाही. त्या पात्राचं दुःख शब्दांत कमी आणि मांडणीत जास्त आहे. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर हे प्रकरण आहे.

पाचवं प्रकरण कारागिरीचं. अठ्ठावीस पानं, आणि पहिल्या पानाची मांडणी अठ्ठाविसाव्यासारखी, दुसऱ्याची सत्ताविसाव्यासारखी, असं करत मधल्या चौदा-पंधरा पानांवर दोन्ही बाजू आरशासारख्या समोरासमोर येतात. प्रकरण रोर्शाक नावाच्या पात्राभोवती फिरतं, ज्याच्या मुखवट्यावर शाईचे दोन्हीकडे सारखे डाग हलत असतात. पहिल्यांदा वाचताना हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही, येऊही नये. अंबाबाईच्या किरणोत्सवाला पहिल्या दिवशी मावळतीची किरणं चरणांवर, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखावर येतात. बांधणाऱ्यानं कोन आधीच धरलेला असतो, आपल्याला फक्त उजेड दिसतो.

आणि किरणोत्सवात वाटेत एखादं बांधकाम आडवं आलं की किरण अडतात, तसंच इथे मोबाइलचं होतं. मोबाइलवर एकेक चौकट मोठी होऊन समोर येते. वाचायला सोयीचं, पण पान मोडतं. चौथं प्रकरण निव्वळ संवाद होतं आणि पाचवं उगीचच लांबलेलं वाटतं. टॅब घेतलात तर किमान दहा इंची आणि पान अख्खं दिसेल असं ठेवा. छापील घेणार असाल तर दुकानातच पाचव्या प्रकरणाची मधली दोन पानं उघडून बघा. डिंकानं चिकटवलेल्या बांधणीत मधली चित्रं शिवणीकडे बुडतात. पुठ्ठा बांधणीची प्रत जास्त सपाट उघडते. हिगिन्सनं मुद्दाम जांभळा, हिरवा, नारिंगी असे दुय्यम रंग वापरलेत. स्वस्तातल्या धुरकट प्रतीत त्यांची राख होते.

वाचताना लोक कुठे अडतात तेही ठरलेलं आहे. पहिल्या अकरा प्रकरणांच्या शेवटी गद्य मजकूर येतो : निवृत्त वीराच्या आत्मचरित्रातली पानं, मानसोपचारतज्ज्ञाची फाइल वगैरे. ‘परिशिष्ट’ समजून लोक ते ओलांडतात, आणि पुढे माणसं कोण कुणाची हे कळत नाही. ते कथेतच धरा. दुसरं, चाच्यांच्या गोष्टीचा मजकूर जुनाट, फाटक्या कागदासारख्या चौकोनात असतो आणि त्याच चित्रात स्टॉलवाला बडबडत असतो. दोन्ही एका दमात वाचाल तर खिचडी होईल. आधी पानावरचे फक्त कागदी चौकोन, मग फक्त फुगे, मग पान पुन्हा एकदा. आणि एका बसण्यात एकच प्रकरण. हे अंक महिन्यांच्या अंतरानं निघाले होते, रात्रीत संपवायला नव्हेत.

सगळ्यात मोठी चूक मात्र रोर्शाकला नायक मानण्याची. तडजोड न करणारा, एकटा, गुंडांची बोटं मोडणारा. आवडतो, नाकारत नाही. पण त्याच्या डायरीतला द्वेष नीट वाचा. बायका, गरीब, शेजारी, कुणीच त्यातून सुटत नाही. मूरनं तो इशारा म्हणून लिहिला होता, लोकांनी त्याच्या चित्राचे टी-शर्ट छापले.

दोष पुस्तकातही आहेत. एका स्त्रीवर झालेल्या अत्याचाराचा धागा लेखक ज्या रीतीनं पुढे नेतो, त्यावर वाचकांनी आक्षेप घेतले आहेत आणि मला ते रास्त वाटतात. स्त्री पात्रं पुरुषांच्या मानानं पातळ आहेत. शेवटाकडे एक पात्र फार बोलतं. आणि घरात शाळकरी मुलं असतील तर हे वरच्या फळीवर ठेवा. चित्रं आहेत म्हणून मुलांचं होत नाही.

‘मराठीत का नाही’ हा जोडप्रश्न. फुग्यातली इंग्रजी अक्षरं सगळी मोठ्या लिपीतली, एका उंचीची. देवनागरीला वर वेलांटी-मात्रा, खाली उकार. तीन इंग्रजी ओळींच्या जागेत दोनच बसतात. शब्द कमी करावे लागतात, फुगा वाढवला तर चित्र झाकतं. पण खरी अडचण भाषेची. रोर्शाक कर्ता गाळून तुटक बोलतो. इंग्रजीत ते विचित्र वाटतं, मराठीत ‘गेलो, पाहिलं, आलो’ हे रोजचं बोलणं. म्हणजे तुटकपणा दुसरीकडून आणावा लागेल, क्रियापदंच काढून. शिवाय कोण कुणाला ‘तू’ आणि कोण कुणाला ‘तुम्ही’ म्हणतं हे इंग्रजीला ठरवावं लागत नाही, मराठीला प्रत्येक फुग्यात लागतं. आणि कुणी उत्साहानं रोर्शाकला कोल्हापुरी रांगडं बोलायला लावेल. कृपा करून नको. आपल्या रांगडेपणात जिव्हाळा असतो, त्याच्याकडे तेवढं एकच नाही.

एवढं सांगूनही पटत नसेल, तर एक ए-फोर कागद घ्या. चारही बाजूंनी १५ मिलिमीटर समास, चौकटींमध्ये ४ मिलिमीटरची पट्टी. प्रत्येक चौकट साधारण ५७ रुंद, ८६ उंच होईल. चित्रकला येत नसली तरी काड्यांची माणसं चालतात. विषय घ्या रंकाळ्याच्या कठड्यावर संध्याकाळी बसलेला एक निवृत्त पैलवान आणि शेजारी येऊन बसलेला अनोळखी माणूस. नऊ चौकटींत मिळून वीस शब्दांवर जायचं नाही. पहिल्या ओळीतल्या तिन्ही चौकटी जोडून एक करून बघा, वेळ लांबते. परत तीन करा, तोच क्षण तुटक आणि अस्वस्थ होतो. मग नववी चौकट कोरी सोडा आणि तिघांना वेगवेगळं विचारा, काय झालं असेल? तिघांनी तीन उत्तरं दिली तर आठवी चौकट चुकली. ती खोडा आणि पुन्हा काढा.