काथ्या कुजतो का?

"सिमेंटच्या कौलात काथ्या घालता, मग पावसात तो कुजत नाही का?" नव्या माणसाचा पहिला प्रश्न हाच. तुम्हीही विचारलंत म्हणून सरळ सांगते: कुजतो. पण पावसाच्या आधी सिमेंटच त्याला खातं.

सिमेंटच्या आतल्या ओलाव्याचा पीएच (आम्ल-अल्क मोजायचं माप) १२ ते १३ असतो, म्हणजे तीव्र अल्क. इतक्या अल्कात काथ्याचं, घायपाताचं लिग्निन (तंतूला आतून बांधून ठेवणारा घटक) झिजतं आणि तंतू ठिसूळ होतो. १९७०-८० च्या दशकांत ॲस्बेस्टॉसला स्वस्त पर्याय म्हणून वनस्पतितंतूंचे मोठाले सिमेंट पत्रे अनेक देशांत निघाले आणि बरेचसे काही वर्षांतच तडकले. माझाही पहिला पत्रा तसाच गेला. मोडलेल्या कडेत पाहिलं तर तंतूच्या जागी बारीक पोकळ नळी आणि तपकिरी भुकटी.

मग घालायचाच कशाला? ओल्या मालासाठी. टेबलावर प्लॅस्टिकचा कागद, त्यावर मालाचा थर, खालून थरथराट. मग कागदासकट तो थर अलगद ओढून नागमोडी साच्यावर घ्यायचा. नेमका वळणावर तो फाटू पाहतो, तेव्हा तंतूच त्याला धरून ठेवतो. सुकतानाच्या भेगाही अडवतो. एवढं झालं की त्याचं काम संपलं! पुढचा भार सिमेंट-रेतीवर. म्हणून मी पत्र्याचा नाद सोडून लहान कौलं करते: साधारण ५० बाय २५ सेंटीमीटर, जाडी ८ ते १० मिलीमीटर. फुटलं तर एकच बदलायचं.

थोडं सिमेंट कमी करून औष्णिक वीजकेंद्राची राख घातली, तर ती सिमेंटमधला मोकळा चुना बांधून घेते आणि तंतू जास्त तगतो. भाताच्या तुसाची राखही चालते, पण बेतानं जाळलेली, काळीकुट्ट नको.

दुधाच्या, रसाच्या खोक्यांतला कागद काढून उरलेलं प्लॅस्टिक नि ॲल्युमिनियम तापवून दाबलेले पत्रेही मिळतात. त्यात सिमेंटच नसल्याने ही कटकट नाही. मात्र चुलीच्या वर मी ते कधीच लावणार नाही.

कौल घेताना उचलून बोटाच्या पेराने वाजवा. खणखणीत वाजलं तर घ्या. बद्द वाजलं तर आत भेग असेल, नाहीतर करणाऱ्याने ते पुरेसे दिवस ओलं ठेवलेलं नसेल.