स्लिम कॅबिनेटमध्ये ग्राफिक्स कार्ड : माझा अनुभव

घरचा डेस्कटॉप चौथ्या पिढीच्या आय-५चा, कुठल्याशा ऑफिसातून निघालेला, स्लिम कॅबिनेटचा. हिशेब, पत्रव्यवहार यांना अजून ठणठणीत. पण गावच्या जत्रेतल्या नाटकाचं शूटिंग हल्ली मोबाईलवर होतं आणि मोबाईल ते एचईव्हीसी या कमी जागा घेणाऱ्या व्हिडिओ-प्रकारात साठवतो. या प्रोसेसरमधल्या एचडी ४६०० ग्राफिक्सला ते पूर्णपणे हार्डवेअरवर उलगडता येत नाही. एडिटिंगला बसलं की राजाचे ओठ आधी हलायचे, गर्जना मागाहून यायची.

एसएसडी आणि १६ जीबी रॅम आधीच टाकली होती. राहिलं होतं ग्राफिक्स कार्ड.

फोंड्यातल्या दुकानदाराने कॅबिनेटचा फोटो बघितला आणि समोरचं कार्ड परत खोक्यात घातलं. "हें बसचें ना." लो-प्रोफाइल, म्हणजे निम्म्या उंचीचंच कार्ड हवं होतं. पण उंचीपेक्षा वीज जास्त नडते. माझा पॉवर सप्लाय २५५ वॅटचा, त्यातून कार्डासाठी वेगळी वायरच निघत नाही. तो बदलावा तर मदरबोर्डचा कनेक्टर नेहमीच्या मापाचा नाही. म्हणजे कार्ड ज्यात बसतं त्या मदरबोर्डच्या स्लॉटमधून जास्तीत जास्त ७५ वॅट मिळणार, त्यातच संसार.

जीटी १०३० हे कार्ड फक्त ३० वॅट खातं, पण त्यात व्हिडिओ एन्कोडर, म्हणजे तयार व्हिडिओ झटपट फाइलमध्ये बांधणारा भाग, नाही. आरएक्स ६४०० मध्येही नाही. शिवाय ते चारच लेनवर, म्हणजे डेटाच्या चारच वाटांवर चालतं, त्यामुळे माझ्यासारख्या पीसीआयई ३.० या जुन्या पिढीच्या स्लॉटच्या बोर्डावर त्याची वाट निम्मी अरुंद होते. उरलं आरटीएक्स ३०५०, तेही २०२४ साली आलेलं ६ जीबीवालं. ७० वॅट, वेगळी वायर नको, एन्कोडर आहे. पैसे जास्त गेले, पण मला एडिटिंग करायचं होतं, नुसता पडदा उजळायचा नव्हता. फूटपट्टीने आतली लांबी आणि स्लॉटशेजारची जागा मोजली, आणि मगच पक्क्या बिलावर ऑर्डर दिली.

कॅबिनेट उघडलं तर तांबड्या मातीची पूड पंख्यावर साय धरून बसलेली. मागच्या पट्टीचा स्क्रू पावसाळ्यांनी गंजलेला, पकडीने धरून फिरवावा लागला. कार्डाला लांब ब्रॅकेट लावलेलं येतं, आखूड खोक्यात सुटं असतं. ते बदलताना लागणारे स्क्रू मुगाच्या दाण्याएवढे. खाली पांढरा पंचा पसरला होता म्हणून एक सापडला, नाहीतर गेलाच होता. कार्ड स्लॉटमध्ये सरळ दाबलं की मागची कडी टक् करून बसते. तो आवाज आल्याशिवाय झाकण लावू नये.

बायॉस, म्हणजे मदरबोर्डचं मूळ सॉफ्टवेअर, आधीच अपडेट करून ठेवलं होतं. जुन्या बोर्डांवर नव्या कार्डाचा पडदा काळा राहतो तो पुष्कळदा बायॉस जुनं राहिल्यामुळेच. माझा मॉनिटर जुन्या व्हीजीए जोडणीचा आणि कार्डावर फक्त एचडीएमआय नि डिस्प्लेपोर्ट, म्हणून कन्व्हर्टरही आणला होता. नुसती केबल चालत नाही. ड्रायव्हर टाकला, रीस्टार्ट केलं, टाइमलाइन उघडली. राजा आणि गर्जना एकदम!

एवढ्या जुन्या मशीनवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही, ते दुखणं कार्डाने जात नाही. आणि कार्ड दोन स्लॉटच्या जाडीचं असल्यामुळे शेजारचं वायफाय कार्ड काढावं लागलं. सध्या इंटरनेट यूएसबी डोंगलवर चालू आहे.