शिस्तभंगाची सुनावणी आणि न बोलणारा सल्लागार

अमेरिकेत शिकणाऱ्या आपल्या एखाद्या मुलाला विद्यापीठाकडून शिस्तभंगाची नोटीस आली, की पहिला फोन घरी जातो आणि दुसरा माझ्यासारख्या इथे स्थिरावलेल्या ओळखीच्या माणसाला येतो. अनेक विद्यापीठे अशा चौकशीत विद्यार्थ्याला एक सल्लागार सोबत आणू देतात. एका स्नेह्यांच्या मुलावर प्रोग्रॅमिंगच्या असाइनमेंटमध्ये दुसऱ्याचा कोड उतरवल्याचा आरोप आला, तेव्हा त्याचा सल्लागार म्हणून मी बसलो.

सल्लागार म्हणजे वकील नव्हे, हे आईवडिलांना पटवणे सर्वांत अवघड जाते. सुनावणीत त्याला बहुधा बोलता येत नाही. चिठ्ठी सरकवावी, थोडा वेळ मागून घ्यायला सुचवावे, इतकेच. लैंगिक छळाच्या तक्रारींची गोष्ट वेगळी: तिथे टायटल नाइन या शिक्षणातल्या लिंगभेदाला बंदी करणाऱ्या कायद्याच्या 2020 च्या नियमांनुसार उलटतपासणी सल्लागारच करतो. नॉर्थ कॅरोलिनाने 2013 मध्ये सरकारी विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांना वकिलामार्फत बाजू मांडण्याचा हक्क दिला, पण कॉपीसारखी शैक्षणिक प्रकरणे त्यातून वगळली.

खरे काम सुनावणीआधीच उरकावे लागते. या मुलाने उत्तराचा जो मसुदा आणला, त्याची सुरुवातच ‘झाल्या प्रकाराबद्दल मी दिलगीर आहे’ अशी होती. आपल्याकडे माफीनामा लिहून दिला की प्राचार्य समज देऊन सोडतात, ही सवय त्यामागे असावी. इथे तेच वाक्य कबुली म्हणून फाइलला लागू शकते, आणि आरोप सिद्ध व्हायला बहुतेक ठिकाणी ‘तसे घडले असण्याची शक्यता अधिक’ एवढे पुरते. ते वाक्य मी काढायला लावले. मग पुराव्याची फाइल मागवली, आणि कोणत्या रात्री कोणती ओळ लिहिली, कोणती खोडली, हे दाखवणारा त्याच्या गिटमधला (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीतला) इतिहास तारीखवार छापून जोडला. समितीचे निम्मे प्रश्न त्या कागदांवरच आले आणि मुलाने त्यांची उत्तरे स्वतः, न अडखळता दिली. आरोप टिकला नाही.

आधी नोटीस आणि मग म्हणणे मांडण्याची संधी, हा सरकारी कॉलेजांवरचा दंडक 1961 च्या डिक्सन खटल्यातून आला. अलाबामातल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना धरणे धरल्यानंतर सुनावणीविना काढून टाकले होते. खासगी विद्यापीठांत मात्र त्यांची नियमपुस्तिकाच मुख्य आधार असते, म्हणून ती आधी वाचावी.

वडिलांनी थेट डीनना फोन लावून पाहिला, तर त्यांना नम्र नकार मिळाला. 1974 च्या फेर्पा कायद्याने कॉलेजातल्या नोंदींवरचा हक्क विद्यार्थ्याचा असतो आणि पालकांशी बोलायला सहसा त्याची लेखी संमती लागते. एफ-1 या विद्यार्थी व्हिसावरच्या मुलाने तर कोणतीही तडजोड मान्य करण्याआधी आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला विचारून घ्यावे, कारण एका सत्राच्या निलंबनानेही देश सोडावा लागू शकतो.